मुनेरबीचा मेहबूब

गेल्या वर्षीची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या होत्या आणि आमच्या वर्गाने पोवाडा बसवायचे ठरविले होते. शाहीर ठरलेला होता, मागे झील धरायला चार-पाच जण हवे होते. मी माझे नाव सांगितले. यादी करणाऱ्याने वर पाहिले, क्षणभर विचार केला आणि तू गझल नाही तर कव्वाली म्हण, तुला ते शोभेल, पोवाड्याचे राहू दे, असे अगदी सहजपणे सांगून टाकले. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. म्हणूनच मला काही उत्तर सुचले नाही. वास्तविक गझल मी उभ्या जन्मात चार-दोन वेळाच ऐकली असेल. आमच्या घरी जे गाणे आहे ते दादीचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचे, आणि ते जात्यावरचे आहे. आमचे जाते आता दाराशी पालथे पडलेले असते, पण दादीच्या ओव्या काही थांबलेल्या नाहीत. त्यांत येरमाळ्याची येडाई येते, धाराशिवच्या ख्वाजा शमशोद्दीनचा दर्गा येतो आणि पंढरीचा विठोबाही येतो. घरात आम्ही दखनी बोलतो. ओवी मात्र मराठीतच येते. ती तशी का येते असे दादीला विचारले तर ती मलाच वेड्यात काढते.

त्या दिवशी मी तोंड पाडून वाचनालयात बसले होते. मराठीच्या सरांनी कारण विचारले. मी सांगितले. सर हसले नाहीत की रागावले नाहीत. कपाटातून एक पुस्तक काढून त्यांनी समोर ठेवले आणि हा माणूस तुझ्या शेजारच्या गावचा आहे, एवढेच म्हणाले. पुस्तकावर नाव होते शाहीर अमर शेख.

रात्री घरी मी ते नाव उच्चारले मात्र, दादी भाकरी थापता थापता थांबली. तिचे माहेर बार्शी. शिक्षण शून्य. सही म्हणून अंगठा. पण हे नाव तिला ठाऊक होते, आणि मला, मराठी विषय घेऊन बी. ए. करणारीला, ते त्या दिवशी प्रथमच कळत होते! येथूनच हा लेख सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईचे नाव मुनेरबी. घरची अत्यंत गरिबी. शाळा हा त्या घराला न परवडणारा प्रकार होता. पण मुनेरबीच्या गळ्यात लोकगीते होती, ओव्या होत्या, आणि मुलाला मिळालेली एकमेव इस्टेट ती हीच. पुढे ज्या आवाजाने शिवाजी पार्कचे मैदान भारून टाकले त्या आवाजाला कोणी उस्ताद मिळाला नव्हता. गंडा बांधलेला नव्हता, घराणे नव्हते. आई दळीत होती आणि मुलगा ऐकत होता, एवढेच त्याचे संगीतशिक्षण.

मेहबूबने लहानपणी पाणक्याचे काम केले. लोकांच्या घरी पाणी भरले. मग तो मोटारगाडीवर क्लीनर झाला. हे वाचताना मी थबकले, कारण माझे अब्बाही वयाच्या चौदाव्या वर्षी मालट्रकवर क्लीनर म्हणून लागले होते. आज ते बार्शीच्या अडत बाजारातून माल भरून टेम्पो चालवितात. क्लीनर म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पहाटे काच पुसायची, चाकाखाली उटी लावायची, रात्री गाडीखाली झोपायचे, आणि चूक कोणाचीही असो, शिवी आपण खायची. अब्बांना मी हे वाचून दाखविले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की क्लीनरला गाणे यावेच लागते, नाही तर ड्रायव्हर झोपतो. हे कोणत्याही चरित्रग्रंथात नाही. पण मला ते खरे वाटते.

पुढे मेहबूब बार्शीच्या कापड गिरणीत कामगार झाला. तेथे संप झाला, त्यात तो पुढे होता आणि त्यापायी तुरुंगातही गेला. नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात त्याची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. तुरुंग ही त्या काळच्या पुष्कळ माणसांची शाळा होती. आपल्या वाट्याला आलेली गरिबी ही नशिबाची गोष्ट नसून तिच्यामागे काही कारणे आहेत, ती समजून घेता येतात आणि बदलताही येतात, हा विचार त्याला तेथे मिळाला. सुटल्यावर तो कोल्हापूरला गेला आणि मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत मिळेल ते काम करू लागला. अमर शेख हे नाव त्याला तेथेच पडले असे सांगतात. मुनेरबीला हे नाव कसे वाटले असेल, असा एक निरर्थक प्रश्न मला अधूनमधून पडतो.

येथे थोडे थांबून बार्शीविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या वर्गातल्या पुष्कळांना हे ठाऊक नाही. आज आपण एस. टी.ने बार्शीहून येरमाळ्याकडे निघतो तेव्हा सोलापूर जिल्हा संपून आपला जिल्हा कोठे लागला ते कळतही नाही. पण १९४८ पर्यंत ही हद्द दोन राज्यांमधली होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते, माल तपासला जाई. बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी करीत थेट लातूरला जाई, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरे. पलीकडे गिरणी होती, युनियन होती, संप होता, सभा होती. अलीकडे सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. शाळेत शिकायचे ते उर्दूतून. गंमत अशी की माझ्या वर्गातल्या पाटील-देशमुखांचे पणजोबा उर्दू शिकलेले आहेत आणि माझे पणजोबा कोणत्याच शाळेत गेलेले नाहीत. गझल कोणाला शोभते, याचा हिशेब या मार्गाने केला तर भलताच निघेल! असो.

मुंबईत आल्यावर अमर शेख यांचा आवाज खऱ्या अर्थाने मोकळा झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघे तीन ठिकाणचे. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेत जेमतेम पाऊल टाकून बाहेर पडलेले. त्यांची लेखणी आणि अमर शेखांचा गळा यांची जी गाठ पडली तिला मराठी लोककलेच्या इतिहासात तोड नाही. तमाशाचा जुना साचा त्यांनी घेतला, पण आतले धान्य बदलले. जुन्या तमाशात आधी गण होतो, मग गवळण होते. या मंडळींनी गणाच्या जागी धरतीला, कष्टकऱ्याला आणि हुतात्म्यांना वंदन घातले, गवळण वगळली आणि वगात सावकार, गिरणीमालक, काळाबाजारवाले आणले. बंगालमध्ये १९४३ साली भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे मेली तेव्हा त्यावर अण्णा भाऊंनी पोवाडा लिहिला आणि गिरणगावातल्या कामगारांना, जे बंगाल कोठे आहे हे सांगू शकले नसते त्यांना, तो गाऊन ऐकविला गेला. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला डफ-तुणतुण्यावर बातमी कळत होती, आणि नुसती कळत नव्हती तर त्याच्या घशाशी येत होती.

अमर शेख स्वतःही लिहीत होते. १९५१ साली त्यांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक आले, १९५८ साली 'कलश' आणि १९६३ साली 'धरतीमाता' हे कवितासंग्रह. छत्रपती शिवाजी महाराजांवर, होळकरांवर, उधमसिंगावर त्यांनी पोवाडे रचले. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिके चालविली. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्की या क्रांतिकवीशी केली होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर 'कलश' मी वाचनालयात बसून मनातल्या मनात वाचला तेव्हा मला तो तितकासा भिडला नाही. शब्द मोठे वाटले, उद्गारचिन्हे फार वाटली. मग एका रविवारी माळावर शेळ्या घेऊन गेले असता त्यातल्या काही कविता मोठ्याने वाचल्या, आणि तेव्हा कळले की या ओळी कागदासाठी नाहीतच. त्या पाच हजार माणसांच्या शेवटल्या रांगेपर्यंत जाण्यासाठी घडविलेल्या आहेत. माझ्यापुढे अकरा शेळ्या होत्या. पण मुद्दा ध्यानात आला.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा अमर शेखांच्या आयुष्याचा भर दुपारचा काळ. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, पुढे जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या, शंभरावर माणसे या लढ्यात बळी गेली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि गावोगाव सभा सुरू झाल्या. सभेचे वक्ते म्हणजे अत्रे, डांगे, एसेम जोशी यांच्यासारखी मोठी माणसे. पण वक्ते येण्याआधी मैदान भरायला लागते, भरलेले मैदान बसवून ठेवायला लागते, आणि वक्त्यांचे भाषण संपल्यावर ते घरापर्यंत माणसाच्या कानात राहायला लागते. ही तिन्ही कामे शाहिरांनी केली. अण्णा भाऊंची मुंबईत आलेल्या नवऱ्याची आणि गावाकडे राहिलेल्या मैनेची छक्कड अमर शेखांच्या आवाजात महाराष्ट्रभर गेली. वरवर ती विरहाची लावणी आहे. ऐकणाऱ्याला मात्र बेळगाव, कारवार, निपाणी दिसत होती. आणि आपला मराठवाडाही या हिशेबात होता, हे विसरून चालणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

मी जेव्हा हे वाचते तेव्हा मला एक गोष्ट राहून राहून आठवते. या सभा भरत होत्या त्याच्या केवळ आठ वर्षे आधी, सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाई झाली होती. त्याआधी रझाकारांनी आपल्या भागातल्या गावांवर अत्याचार केले आणि त्यानंतर जे झाले त्यात पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले होते. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही. दादीची सासू त्या दिवसांतली होती. ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, असे दादी सांगते. अशा काळात बार्शीचा एक मेहबूब मराठी माणसांच्या अफाट गर्दीपुढे उभा राहून मराठी राज्यासाठी गातो आणि गर्दी त्याच्यामागे झील धरते. तुझे मराठी कसे काय एवढे चांगले, असे त्याला त्या मैदानात कोणी विचारले असेल का? मला तर गेल्या दोन वर्षांत अनेकांनी विचारले. कौतुकाने विचारतात, त्यामुळे रागावताही येत नाही.

गोवा मुक्तीच्या आंदोलनातही अमर शेख होते. चित्रपटांतही त्यांनी कामे केली. अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या १९५४ सालच्या चित्रपटात ते आहेत, आणि १९६१ सालच्या 'प्रपंच'मध्ये सुलोचनाबाईंबरोबर त्यांची मोठी भूमिका आहे. 'प्रपंच' मी भ्रमणध्वनीवर पाहिला. पडद्यावरचा तो दणकट, दमलेला, पोराबाळांच्या ओझ्याने वाकलेला माणूस अभिनय करीत आहे असे क्षणभरही वाटत नाही. त्यांच्या पत्नी कुसुम जयकर. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख पुढे मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री झाल्या. नामदेव ढसाळ हे अमर शेखांचे जावई, हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. जावई ठाऊक आणि सासरे ठाऊक नाहीत, अशी माझीही स्थिती होती.

आता दादीची आठवण सांगते. १९६२ साली चीनने आक्रमण केले. कम्युनिस्टांकडे त्या वेळी सारा देश संशयाने पाहत होता, खुद्द त्यांच्या पक्षात मतभेद माजले होते आणि १९६४ साली त्यातून पक्ष फुटलाही. लाल बावट्याखाली वाढलेल्या अमर शेखांनी मात्र डफ उचलला आणि जवानांसाठी गावोगाव गाऊन निधी जमविला. १९६५ च्या युद्धातही त्यांनी तेच केले. दादी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. बार्शीत गाणे होते म्हणून ती आईबरोबर गेली. बायका एका बाजूला बसल्या होत्या. ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडला तरी गाणे थांबले नाही, आणि मागे बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, असे ती सांगते. गाणे झाल्यावर पुढे चादर पसरली. दादीच्या आईने चंचीतून एक रुपया काढला आणि चादरीवर टाकला. त्या एका रुपयावरून घरी दोन दिवस भांडण झाले! तिसऱ्या दिवशी दादीचे वडीलच भाकरी खाता खाता त्या पोवाड्याची चाल गुणगुणू लागले, तेव्हा भांडण मिटले. दादीला त्या गाण्याचे शब्द आज आठवत नाहीत. चाल आठवते. ती तिने मला म्हणून दाखविली.

१९६९ हे वर्ष मराठी माणसाला फार वाईट गेले. १३ जून रोजी अत्रे गेले. १८ जुलै रोजी अण्णा भाऊ गेले. आणि २९ ऑगस्ट रोजी इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. ज्या मैदानावर एक बोलत होता, एकाचे शब्द होते आणि एकाचा आवाज होता, ते तिघेही अकरा आठवड्यांच्या आत नाहीसे झाले. अमर शेखांचे वय त्या वेळी बावन्न वर्षांचे होते. त्यांची मुलगी बारा वर्षांची. ज्याने गाडीवर क्लीनर म्हणून आयुष्य सुरू केले तो रस्त्यावरच गेला, हे मी अब्बांना सांगितले नाही. त्यांना रोज त्याच जातीच्या रस्त्यावरून जायचे असते.

आज मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. जो शाळेत टिकू शकला नाही त्याच्यावर विद्यापीठात अभ्यास होतो. मला मात्र त्यापेक्षा मुनेरबीबद्दल अधिक कुतूहल वाटते. तिच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या असतील तर मला त्या अद्याप मिळालेल्या नाहीत. म्हणून दादीच्या ओव्या मी एका दोनशे पानी वहीत उतरून घेऊ लागले आहे. आतापर्यंत एकशे चौदा झाल्या. दादी एकच ओवी दर वेळी वेगळी सांगते आणि मी तिची चूक काढली की म्हणते, तू लिहितेस ते चूक, मी म्हणते ते बरोबर.

यंदा संमेलनाला पुन्हा पोवाडा आहे. यादी करणारा तोच आहे. मी नाव सांगितले तेव्हा त्याने या वेळी वर पाहिले, पण काही न बोलता नाव लिहून घेतले. झिलेत नव्हे, मुख्य गायनात. होळकरांचा पोवाडा आहे. तिसऱ्या चौकात माझा दम तुटतो, आणि सरांनाही त्यावर काही उपाय सापडला नव्हता. परवा रात्री मी अंगणात म्हणत होते तर दादी आतून ओरडली की श्वास चुकीच्या जागी घेतेस. जात्याचा खुंटा आपल्याकडे येतो तेव्हा श्वास घ्यायचा आणि पलीकडे ढकलताना सोडायचा. मी म्हणाले, येथे जाते कोठे आहे? तिने अब्बांना हाक मारली, दोघांनी मिळून दाराशी पालथे पडलेले जाते उलथे केले, त्यावरची माती झटकली आणि मला समोर बसविले.